पडवीतले कासव

काचेची ती टाकी मामाने पार्से गावातल्या आमच्या घरी आणली तेव्हा आईला आधी वाटले, कुणाच्या तरी दुकानातले मोडके शोकेस उचलून आणले आहे. मोरजीच्या बाजूने येणाऱ्या बसच्या टपावरून, गोणपाटात गुंडाळून, सुंभाने करकचून बांधून ती आली होती. मामा खाली उभा राहून क्लीनरवर खेकसत होता, "सवकास रे, सवकास. भितर काच आसा, वांगडा म्हज्या भाचयेचें शिक्षण आसा." क्लीनरने वरून विचारले, "शिक्षण इतलें जड कशें काय?" आणि सगळी बस हसली.

मामा मोरजीला रापणीवर होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. दोराला जो हात लावील त्याला वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा पोस्टमन का असेना. मामाच्या माडांच्या भाटात एक गोरा माणूस खोली घेऊन राहायचा. ओहोटीला खडपावरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांतल्या, खळग्यांत जे जीव अडकून राहतात ते आणून तो काचेच्या टाकीत ठेवायचा आणि दिवसभर त्यांची चित्रे काढायचा. एक दिवस तो गेला, टाकी राहिली. मामीला तिच्यात कांदे ठेवायचे होते. पण मी तेव्हा म्हापशाच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते, आणि आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे ज्या वस्तूचा कुणालाच उपयोग कळत नसे ती माझ्या विद्येसाठी आहे असे समजून माझ्याकडे पाठवली जाई. कुणी गव्याचे शिंग दिले होते, कुणी सापाची कात. हसू येते, पण एवढी माणसे आपल्या शिकण्याचा विचार करत होती हे आठवले की अजूनही ऊर भरून येतो.

बाबा चोपड्याच्या फेरीबोटीवर होते. बोट धक्क्याला लागली की दोर टाकायचा, फळी पाडायची, स्कूटरवाल्यांना मागे सारायचे. काम सरकारी, पण बाबा रोजंदारीवर. अनेक वर्षे 'यंदा कायम करतात' असे ऐकत होते. मध्ये गोव्याचे घटक राज्य झाले तेव्हा सगळ्यांना वाटले आता पटकन होईल. तर ऑफिसातून सांगितले की नवे राज्य झाले म्हणूनच उशीर, आता यादी नव्याने करायची. बाबांच्या कायम होण्याला माझे पुढचे शिक्षण बांधलेले होते. बाबा कायम झाले तर मी बी.एस्सी. पुरी करून बी.एड.ला जाणार. नाही तर मावशीने शिवोलीत एक स्थळ बघून ठेवले होते, ते लोक पदवीपर्यंत थांबायलाही तयार नव्हते. हे घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. पण बाबा आधीच सरळ मार्गाने चालणारे, ते त्या दिवसांत अधिकच जपून वागू लागले. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा आमच्या कुंपणात पडला तर तो उचलून पलीकडे ठेवत. "आपलें कायम जावंक ना," म्हणत, जसे काही आंबा खाल्ला तर यादीत कळणार होते.

टाकी पडवीत, तुळशीकडच्या खिडकीखाली ठेवली. पहिले पाणी बाबांनी फेरीच्या धक्क्यावरून आणले. नदीचे ते पाणी अर्धे गोडे, अर्धे खारट. मामाने आणलेले चार मासे त्यात दुपारपर्यंत पोट वर करून तरंगू लागले. मग मामा समुद्राचे पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून बसने पाठवू लागला. पाण्याला वारा घालायचे यंत्र असते हे मी पुस्तकात वाचले होते, पण आमच्याकडे यंत्र म्हणजे तांब्या. येता-जाता जो दिसेल त्याने तांब्याभर पाणी वर काढून उंचावरून आत सोडायचे, असा आईने नियम केला. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलचा भोंगा वाजवत उंडे, कडक गोल पाव, घेऊन यायचा. त्यालाही सुटे पैसे आणेपर्यंत आई तांब्या हातात द्यायची. चवळीची पातळ भाजी आणि उंडो खात मी परीक्षेचे वाचायची आणि मागे सारखा पाण्याचा आवाज. पाहुण्यांना वाटायचे आमच्या पडवीत न्हाणी आहे.

पण हे सगळे सुरू होण्याआधी एक गोष्ट झाली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मामा ज्या खडपावरून जीव आणणार होता, ते खडप त्यांच्या गावच्या राखणदाराचे, गाव राखणाऱ्या देवाचे. तिथे गळ टाकायचा असला तरी लोक आधी विडी आणि रोट ठेवतात. आई म्हणाली, न विचारता काडीसुद्धा हलवायची नाही. म्हणून एका सोमवारी आम्ही सगळे मोरजीला, तिच्या माहेरच्या देवळात गेलो. गुरवाने देवाला पाण्याने भिजवून अंगावर पिटकोळीच्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले, "बा देवा महाराजा, हें तुझें चेडूं विद्या शिकता. तुझ्या खडपार सुकतीक उरता तो जीव हें न्हेतलें, राखतलें, पळयतलें. तुका मान्य जाल्यार उजवो कौल दी." आम्ही म्हटले, "व्हय महाराजा."  बाबा पाकळ्यांकडे असे बघत होते की जणू त्या फेरीच्या दोराला बांधल्या आहेत. बऱ्याच वेळाने उजवीकडची पाकळी सुटली. मामा म्हणाला, "जालें. आतां कोणाच्या बापायचें भंय ना."

बाबांना हे फार पटले. ते काही अंधश्रद्ध नव्हते. त्यांच्या मते यात हिशेब होता. खडप देवस्थानचे, देवस्थानच्या जमिनीवर काही करायचे तर देवाला विचारायचे, देव हो म्हणाला. पोर्तुगीज असताना हेच होते, मग भारतात आलो तेव्हाही हेच, आता राज्य झाल्यावर वेगळे कशाला असेल? मला तेव्हा हे बरोबर वाटले. मी शास्त्र शिकत होते, पण मासे कुठे पकडावेत आणि कुणाला विचारून, हे आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हते. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारते, समुद्र कुणाचा? ते फटाफट उत्तर देतात. मला अजून तेवढे फटाफट देता येत नाही.

टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे आले, शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे आले, एक तारामासा आला आणि एक दिवस शेपटीने गवताला धरून उभा राहणारा घोडामासा. तो बघायला तर तिठ्यापर्यंतची माणसे यायची. एक म्हातारे गृहस्थ रोज येत आणि काही न बोलता खुर्चीवर बसून घोडामाशाकडे बघत, चहा पीत आणि जात. आईने शेवटी विचारले, "आजोबा, तुमकां कितें दिसता त्यांत?" ते म्हणाले, "म्हजो व्हडलो भाव असोच चलतालो."

शेवटी आले ते कासव. वाळूत घरटे फुटून सगळी पिल्ले पाण्यात गेली होती. हे एकच मागे राहिले, उलटे पडून पाय मारत होते आणि दोन कुत्री वास काढत होती. मामाने ते टोपीत घातले आणि संध्याकाळच्या बसने आमच्याकडे आणून दिले. तळहाताएवढेही नव्हते. काळसर, सुरकुतलेले, नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखे म्हातारे. टाकीच्या काचेला तोंड लावून ते सारखे एकाच बाजूला पोहायचा प्रयत्न करायचे. मामाला त्यात काही वावगे वाटायचे कारणच नव्हते. किनाऱ्यावर लोक कासवाची अंडी पिढ्यान्‌पिढ्या उकरून खात आले होते. त्याने तर उलट कुत्र्यांच्या तोंडातून एक जीव वाचवला होता.

फेरीबोटीवर गोष्ट लपत नाही. बाबांना एकदा नदीच्या मध्यावर एका अनोळखी माणसाने विचारले, "तुमच्यागेर कासव आसा म्हण आयकलां." बाबा अभिमानाने म्हणाले, "आसा. चेडवाच्या अभ्यासाक." त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी खाकी कपड्यांतला एक तरुण आमच्या दारात उभा राहिला. फॉरेस्ट गार्ड होता, गावकर नावाचा. मूळचा मये गावचा, आधी रानात होता, नुकताच पेडण्यात बदलून आला होता. तो पडवीत शिरला, टोपी काढली आणि बराच वेळ टाकीत बघत राहिला. आईने सवयीने त्याच्याही हातात तांब्या दिला. त्याने एकदा पाणी ओतले, आणि मग आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन तांब्या खाली ठेवला.

"बाय, हें कासव कोणाक विचारून हाडलां?" त्याने मला विचारले.

मी उत्तर देण्याआधी आई दारातून म्हणाली, "देवाक."

त्याला वाटले आई थट्टा करते आहे. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "खरेंच. कौल घेतलो." तो मयेचा, त्यांच्याकडे विहीर खणायची तरी कौल लावतात. त्यामुळे त्याला हसताही येईना. त्याने हळूच विचारले, "उजवो?"

"उजवो," आई म्हणाली.

त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात केली. मग म्हणाला, "देवान दिलो तो खरो, पूण मावशे, हो कायदो दिल्लीचो. कासवाक हात लावंक जायना, तांतयांक हात लावंक जायना, घरांत ठेवंक तर बिलकूल जायना. बंदखण आसा." तांतयां म्हणजे अंडी. बंदखण म्हणजे कैद. हा शब्द आमच्या घरात पूर्वी कधी बोलला गेला नव्हता. आईने पदराला हात पुसले, ते ओले नव्हते तरी.

मी विचारले, "आनी मासे?"

"माशांचें माका खबर ना. हांव रानाचो."

"घोडामासो?"

त्याने वाकून घोडामाशाकडे पाहिले. "हो मासो काय?" तो म्हणाला.

बाबा पाळी संपवून आले तेव्हा गार्ड खुर्चीत बसून चहा पीत होता. बाबा सरकारी माणसाशी नेहमी मराठीत बोलत, शाळेत शिकलेल्या चौथीपर्यंतच्या शुद्ध मराठीत. घरात बोलायची कोकणी आणि लिहायची मराठी, असे आमच्या तालुक्यात सगळ्यांचेच होते. त्या वर्षांत यावरून भिंती रंगल्या होत्या, पण बाबांचे भांडण कुणाशीच नव्हते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही आत्ताच्या आत्ता ते समुद्रात सोडून देतो."

"सोडून कशें दितले?" गार्ड म्हणाला. "सोडलें म्हळ्यार पुरावो ना केलो म्हणटले."

"मग राहू दे इथेच."

"ठेयलें म्हळ्यार गुन्यो चालूच."

"मग तुम्ही घेऊन जा."

"हांवें न्हेलें म्हळ्यार पंचनामो करूंक जाय. केस जातली. तुमचें नांव येतलें. आनी वाटेर मेलें म्हळ्यार म्हज्या माथ्यार." तो खरोखरच गोंधळला होता. माणूस वाईट नव्हता, काही मागायला आला नव्हता. त्याने उरलेला चहा बशीत ओतून घेतला आणि म्हणाला, "हांव सायबाक विचारून येतां. तोमेरेन एक करात. तें मरूंक दिवं नाकात."

बाबा आता कोकणीत आले. "म्हजें नांव येतलें?" त्यांनी विचारले. "हांव अजून कायम जावंक ना."

त्यानंतर घरात जे सुरू झाले ते मला नीट सांगताही येत नाही. जे ठेवणे गुन्हा, ते जिवंत ठेवणे आमच्यावर सक्तीचे झाले. आई सुंगटे, म्हणजे कोळंबी, बारीक चिरून त्याच्या तोंडापुढे धरायची. ते खात नसे. बाबा जेवताना मध्येच उठून पडवीत जाऊन बघून यायचे. आईने बांगड्याचे हुमण, म्हणजे नारळाची आमटी, केले तरी बाबा पेज आणि लोणच्याची फोड एवढेच घ्यायचे. "त्या जनावराक काय जावंक ना मगे?" हे दिवसातून कितीदा विचारायचे. मला चीड यायची आणि रडूही यायचे. माझी परीक्षा तोंडावर होती, आणि पुस्तकात कासवाचे हृदय किती कप्प्यांचे हे वाचताना मला त्याच कप्प्यांतून माझे बी.एड. जाताना दिसायचे.

शेवटी बाबांनी खाडा केला आणि मला घेऊन पणजीला निघाले. त्यांना इंग्रजी येत नव्हते म्हणून मी बरोबर. आधी मासळीचे ऑफिस. तिथल्या बाबूने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, "कासव म्हणजे मासा नव्हे. आमच्याकडे येत नाही."

"आणि मासे?" बाबांनी विचारले.

"मासे होडीने पकडले का?"

"नाही. तांब्याने."

बाबू विचारात पडला. "होडीला नोंद लागते. जाळ्याला नियम आहे. तांब्याला काही नाही."

"म्हणजे चालते?"

"चालते असे मी म्हटले नाही," बाबू म्हणाला.

वनखात्यात मोठे साहेब फिरतीवर गेलेले. तिथल्या कारकुनाने सांगितले, कासव आमचेच, त्यात शंका नाही. पण भरतीच्या रेषेखाली आमची हद्द नाही, वर आहे की नाही तेही पाहावे लागेल. मी विचारले, मग पडवीतल्या कासवाची हद्द कुठली? त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिले आणि म्हणाला, "बाय, प्रश्न बरो. पूण राज्य नवें. हें सगळें अजून बसूंक जाय." बाबांनी खिशातला रुमाल काढून घाम पुसला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "तो 'बरो' म्हणालो म्हणजे आपल्या बाजून काय विरोधात?"

परतताना म्हापशाला उतरून मी त्यांना कॉलेजात नेले. आमचे सर भले माणूस. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, ती आयुष्यात कोणत्याही कॉलेजात बाबांना मिळालेली पहिली खुर्ची. सर म्हणाले, कॉलेजला अभ्यासासाठी नमुने लागतात, ते आपण आणतोच, पण घरात पाळणे वेगळे. बाबांचे लक्ष त्यांच्या मागच्या कपाटाकडे होते. तिथे बाटलीत एक कासवाचे पिल्लू होते, आमच्याएवढेच, औषधात पांढरे पडलेले.

"साहेब, हे?" बाबांनी विचारले.

"ते जुने आहे. कायद्याच्या आधीचे असेल," सर म्हणाले. खात्री करायला त्यांनी बाटली फिरवून पाहिली. चिठ्ठीवरची शाई उडून गेली होती.

बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. कोलवाळचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "मेल्लें बाटलेंत ठेयल्यार शिक्षण. जितें टाकयेंत ठेयल्यार बंदखण."  मला वाटत होते, यात कुठेतरी एक साधी गोष्ट असणार जी मला कळत नाही, आणि मी आणखी शिकले की ती कळेल. मी आणखी शिकले. काही कळले, काही नाही.

गार्ड परत आला तोवर कासव फार मंद झाले होते. डोळे मिटून पाण्यावर नुसते राही. बाबांनी उभ्याउभ्याच विचारले, "साहेब काय म्हणाले?"

"सायब म्हणालो, पळय कितें तें."

"म्हणजे काय बघायचे?"

"तेंच माका कळूंक ना," गावकर म्हणाला. दोघेही त्या मुक्या जनावराकडे बघत उभे राहिले. मग बाबा आत गेले, सदरा बदलून आले आणि म्हणाले, "बालदी घे गो. तें मरता. केस जाता जाल्यार जावं." मी बाबांना असे बोलताना कधी ऐकले नव्हते. आईने बालदी उचलली, टाकीतलेच पाणी तिच्यात घेतले, आणि कासव आत घालायला भांडे बुडवले. गार्डला हवे असते तर तेव्हा निघून जाता आले असते. तो गेला नाही. आमच्याबरोबर बसमध्ये चढला.

बसमध्ये बालदीवर ओले फडके. कंडक्टरने वास घेतला. "मासळी आसा जाल्यार टपार." गार्ड गणवेशात होता. तो म्हणाला, "मासळी न्हय." "मगे कितें?" "सरकारी काम," गार्ड म्हणाला, आणि स्वतःच दचकला. मागच्या बाकावरच्या बाईने फडके वर करून पाहिले आणि सगळ्या बसला सांगितले, "कासव गे. पिलूं." मग मोरजीपर्यंत सगळ्यांचे सल्ले चालू होते, कुणी म्हणाले हळद लावा, कुणी म्हणाले सोडायच्या आधी नारळ फोडा, एक जण म्हणाला आता सोडलेत तर माशाच्याच पोटात जाणार, त्यापेक्षा घरी ठेवा.

मामा किनाऱ्यावर वाट बघत होता. ऊन कलले होते, ओहोटी होती. वाळूवर बालदी ठेवली आणि सगळे गोल उभे राहिलो. आता बाहेर कोण काढणार? गार्ड म्हणाला, हात लावणे गुन्हा. बाबा म्हणाले, म्हणूनच तर मी लावत नाही. मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुवें शिकलां तें सांग. पाण्यांत घालूंक जाय काय वाळूर?" मला इतकेच आठवत होते की पिल्ले वाळूवरून स्वतः चालत जातात, का जातात ते पुस्तकात पानाच्या उजव्या बाजूला होते, पण काय होते ते आठवेना. मी म्हटले, "वाळूर." माझा आवाज मलाच पटला नाही. आई पुढे झाली, तिने बालदीच्या बुडाला पाय लावून ती आडवी केली. पाणी वाळूत मुरले आणि कासव बाहेर आले. "हात कोणेंच लावंक ना," गार्ड म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

कासव थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग चालू लागले, सरळ माडांच्या दिशेने. "अरे, अरे," म्हणत गार्ड धावला आणि दोन्ही बूट जोडून त्याच्या पुढे उभा राहिला. ते बुटाला धडकले, वळले, पुन्हा वळले. मामा एका बाजूने, बाबा एका बाजूने, असे सगळे वाकून, हात न लावता, कोंबडीची पिल्ले खुराड्यात घालावीत तसे त्याला हाकत होतो. कुणी पाहिले असते तर वेडे म्हटले असते. एक लाट जरा वर आली, त्याच्याखालून पाणी गेले, आणि ते एकदम हलके झाले. पुढच्या लाटेने ते दिसेनासे झाले. ते जगले का, हे मला माहीत नाही. किती जगतात याचे शास्त्र आता मला येते, आणि ते न आलेलेच बरे होते.

बाबा ओल्या पँटीने गार्डपुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, आता आम्ही सुटलो का?"

"कशांतल्यान?" गावकर म्हणाला. "कासव खंय आसा?"

"आत्ता सोडले ना."

"कोणें सोडलें? हांवें पळेंवंक ना."

"पण तुम्ही इथेच उभे होता."

"उबो आसलों," तो म्हणाला. "तितलेंच." मग त्याने बूट काढून त्यांतली वाळू झाडली आणि मामाकडे पाणी मागितले. त्याला वाटत होते की त्याने आमच्यावर उपकार केला, आणि तो केलाच होता. पण बाबांना उपकार नको होता, उत्तर हवे होते. ते रात्रीचे जेवले, पण उत्तर न मिळालेल्या माणसासारखे.

माशांचे काय, शंखांचे काय, घोडामाशाचे काय, हे कुणीच सांगितले नाही, म्हणून बाबांनी पुढच्या सुट्टीला तेही सगळे नेऊन खडपावर सोडले. फार वर्षांनी घोडामासा आणि प्रवाळ कायद्याच्या संरक्षणात आले. त्या दिवसांत घोडामाशाला हात लावायला कुणाची बंदी नव्हती. हे तेव्हा कुणाला सांगता आले असते तर ते आजोबा आणखी काही दिवस आपल्या भावाला बघू शकले असते. टाकीत एका कोंबडीने अंडी घातली आणि ती तिथून हलेना.

माझी परीक्षा संपता संपता बाबांच्या कायमच्या कामासाठी पोलीस चौकशीला आला. चालचलन कसे, कुठे भानगड, कोर्टकचेरी आहे का, हे विचारायला. आईने चहा आणि कातरो पाव दिला. पोलीस उठायच्या बेतात होता तेव्हा बाबा म्हणाले, "साहेब, एक सांगायचे राहिले." आईने आतून भांडे जोरात आपटले. मी दाराआड होते. बाबा म्हणाले, "आमच्या घरात कासव होते."

"कासव?"

"समुद्राचे. लहान."

"खाल्लें?"

"नाही. सोडले."

"सोडलें मगे कितें जालें?"

"फॉरेस्टचे गार्ड आले होते. ते म्हणाले बंदखण आहे."

"केस केली?"

"नाही. ते म्हणाले, त्यांनी पाहिलेच नाही. पण ते तिथेच होते, साहेब."

पोलीस पुन्हा खाली बसला. त्याने बाबांकडे निरखून पाहिले. मग त्याने विचारले, "तुका नोकरी जाय मू?"

"जाय."

"चेडूं शिकता मू?"

"शिकता."

"मगे चाय पी आनी ओगी राव."

बाबा चहा प्याले आणि गप्प राहिले. ते कायम झाले. मावशीच्या शिवोलीच्या स्थळाला नकार कळवला, मी बी.एड. झाले, हायस्कूलात आणि मग उच्च माध्यमिकात शिकवू लागले. मला जे मिळाले ते सगळे त्या चहाच्या पलीकडे होते. पण बाबांना मात्र कुठेतरी वाटत राहिले की आपण सांगायचे ते सांगितले आणि तरी ते कुणी ऐकून घेतले नाही. चांगले काम केले म्हणून साहेबांनी पाठ थोपटली की ते घरी येऊन गप्प बसत.

बाबा निवृत्त झाले, चोपड्याला पूल झाला, फेरी बंद पडली. मोरजीला आता कासवांसाठी कुंपण घातलेली जागा आहे, पाटी आहे, रक्षक आहेत. एका सुट्टीत मी माहेरी गेले होते. दुपारी पडवीत बाबा सुपात उकडे तांदूळ निवडत बसले होते. मी वन्यजीव कायद्याचा धडा काढत होते. तो नव्याने अभ्यासक्रमात आला होता. त्यांनी मान वर न करता विचारले, "तें कासवाचें. तो गुन्यो आसलो काय नासलो?"

इतक्या वर्षांनी त्यांनी ते विचारले. मी खोटे बोलू शकले असते. म्हातारपणी कशाला, असे मनात आलेही. पण मला त्यांनी ज्यासाठी शिकवले ते नेमके हेच सांगण्यासाठी होते असे वाटले. मी म्हटले, "आसलो, बाबा. मासे, शंख, घोडामासो ह्यांचो तेन्ना कायच नासलो. पूण कासवाचो आसलो. व्हड गुन्यो. कौलाचो कायद्यांत काय उपेग ना."

त्यांचा हात सुपात थांबला. "नक्की?"

"नक्की."

"पुस्तकांत आसा?"

मी पुस्तक त्यांच्यापुढे धरले. इंग्रजीत होते, तरी त्यांनी बोट ठेवून ती ओळ पाहिली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. असा चेहरा मी त्यांचा कायमचा हुकूम आला त्या दिवशीही पाहिला नव्हता. त्यांनी आत हाक मारली, "आयकलें गे? गुन्योच आसलो. हांव उगीच भियेंवंक नासलों."

आईने आतून म्हटले, "बरें जालें. आतां जेवपाक येतले, काय आनीक कोणाक विचारूंक वतले?"

बाबा उठले, सूप बाजूला ठेवले, हात धुतले. त्या दुपारी त्यांनी हुमणात दुसऱ्यांदा भात कालवून घेतला.